रिगच्या धुराचं माप: सीमाभागातून पहिल्यांदा निघणाऱ्या पोरापोरींसाठी

बेळगाव जिल्ह्यात तेलाची एकही विहीर नाही. पायाखाली दख्खनचा काळा पाषाण, गोकाककडे सरकलं की त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म. ड्रिलिंग म्हटलं की आपल्याला आठवते ती बोअरची गाडी. तरीही खानापूर, निपाणी, हुक्केरीकडची बीएस्सी केमिस्ट्री नाहीतर डिप्लोमा झालेली मुलंमुली प्रदूषण तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागतात आणि एक दिवस त्यांना सांगितलं जातं, "मेहसाण्याला रिगवर स्टॅक घ्यायचाय, बॅग भर." म्हणजे गुजरातेतल्या तेलक्षेत्रात जाऊन, विहीर खोदणाऱ्या यंत्रावरच्या (रिगवरच्या) इंजिनाच्या धुराड्यातला धूर मोजायचा. मलाही असंच सांगितलं गेलं. तोवर मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीच्या चिमण्या आणि साखर कारखान्यांचे बॉयलर सोडून काही पाहिलं नव्हतं. त्या पहिल्या खेपेआधी कुणी जवळ बसवून चार गोष्टी समजावल्या असत्या तर माझे दोन रिपोर्ट रद्द झाले नसते. त्या गोष्टी इथे सांगतो.

आधी सराव, तोही घराजवळ

तेलाच्या रिगवरचा बहुतेक धूर डीझेल इंजिनाचा असतो. डीझेल इंजिन आपल्याकडे पावलोपावली आहे. उद्यमबागेत लाईट गेली की सुरू होणारे जनरेटर आहेत, मार्च-एप्रिलमध्ये शिवारात उभ्या राहणाऱ्या, तिरुचेंगोडहून आलेल्या बोअरच्या गाड्या आहेत. बोअरच्या गाडीवरचा काँप्रेसर चालवणारं इंजिन जवळून बघा. बिट, म्हणजे खोदणारं टोक, मऊ थरात असताना धूर पातळ, कठीण पाषाण लागला की आवाज बदलतो आणि धूर गडद होतो. लोड बदलला की धूर बदलतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं.

धुराचा रंग वाचायलाही इथेच शिका. गुऱ्हाळाच्या चुलाण्यात ओली चिपाडं गेली की धूर पांढरा होतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. इंजिनालाही तशी भाषा आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डीझेल जास्त, म्हणजेच एअर फिल्टर चोंदलाय, इंजेक्टर बिघडलाय नाहीतर लोड झेपत नाहीये. निळसर म्हणजे वंगणाचं तेल जळतंय. पांढरा म्हणजे इंजिन थंड आहे, डीझेल न जळता बाहेर पडतंय. वहीत आकड्याच्या शेजारी रंगही लिहायची सवय लावा. आकडा संशयास्पद आला तर कधीकधी तो रंगच वाचवतो.

सरावाला साखर कारखान्याचा बॉयलर मिळाला तर जरूर जा, पण एक सावधगिरी घ्या. लहान बॉयलरच्या धुळीचा आकडा १२ टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणायची पद्धत आहे. मोठ्या डीझेल इंजिनाचा आकडा १५ टक्के ऑक्सिजनवर आणतात. बॉयलरवर हात बसलेली पोरं सवयीने तेच सूत्र इंजिनाला लावतात आणि सगळा रिपोर्ट वाया जातो.

रिगवर पोचल्यावर यंत्र लगेच उघडू नका

पहिला अर्धा दिवस फक्त फिरा. त्याआधी सुरक्षेची माहिती देणारी बैठक होईल, तिच्यात डुलकी नको. वारा दाखवणारी कापडी नळी कुठे लावलीय आणि जमायची जागा कुठली, हे पाठ करा. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) आसपास गेल्यावर नाकच काम करेनासं होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजणाऱ्याचा जीव जातो. कमरेला स्वतःचा गॅस डिटेक्टर लावल्याशिवाय शेल शेकरकडे (विहिरीतून वर येणाऱ्या चिखलातून, म्हणजे मडमधून, खडकाचा चुरा गाळणाऱ्या चाळणीकडे) पाऊल टाकू नका.

आणखी एक, जे आपल्या चिमणीवाल्यांना माहीत नसतं. विहिरीच्या तोंडाजवळचा, शेकरचा आणि मड टँकचा भाग धोक्याचं क्षेत्र म्हणून आखलेला असतो. तिथे मोबाईल, साधा टॉर्च, आपला सॅम्पलिंग पंप, काहीही न्यायचं नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की एक ठिणगी पुरते. यंत्राची वीज सुरक्षित भागातूनच घ्या, वर्क परमिटवर यंत्राचं नाव लिहून घ्या, आणि परमिट हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका. टूलपुशर, म्हणजे रिगचा मुकादम, घाईत असेल, तरी परमिटशिवाय "जरा पटकन घेऊन टाका" म्हणालेलं ऐकायचं नाही.

फिरताना धूर आणि वायू कुठून कुठून निघतात त्याची यादी करा. डीझेल-इलेक्ट्रिक रिगवर तीन-चार मोठी इंजिनं असतात, साधारण कॅटरपिलर ३५१२ च्या जातीची. त्यांची वीज एका सामाईक बसवर (विजेच्या पट्टीवर) येते आणि तिथून ड्रॉवर्क्स (पाईप वरखाली ओढणारं यंत्र), मड पंप (मड विहिरीत ढकलणारा), टॉप ड्राइव्हला (वरून पाईप फिरवणाऱ्या मोटरला) जाते. कुठलं इंजिन किती ओझं वाहतंय हे पॉवर कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर दिसतं. ती खोली आणि तिथला इलेक्ट्रिशियन ही तुमच्यासाठी रिगवरची सगळ्यात महत्त्वाची दोन ठिकाणं. चहा त्यांच्याबरोबर घ्या. जुन्या मेकॅनिकल रिगवर इंजिनं चेन आणि क्लचने थेट जोडलेली असतात, तिथे किलोवॅटचं पॅनेल नसतं. मग आरपीएम आणि डीझेलचा खप यावरून अंदाज बांधावा लागतो.

मोठ्या इंजिनांखेरीज कॅम्पचा जनरेटर, सिमेंटिंग युनिट, क्रेन आणि वेल्डिंग सेट. आणि चिमणीतून न येणारं: शेकर, डिगॅसर (मडमधला वायू काढणारं यंत्र), मड टँक, डीझेलची टाकी, फ्लेअर (नको असलेला वायू जाळायची ज्योत). त्याकडे शेवटी येतो.

लोड

माझ्या दुसऱ्या खेपेत आम्ही पोचलो तेव्हा केसिंग (विहिरीच्या आतलं पाईपचं अस्तर) उतरवून सिमेंट टाकून झालं होतं आणि ते घट्ट व्हायची वाट बघत सगळे थांबले होते. इंजिनं चालू होती, पण नुसती गुरगुरत. मला वाटलं, छान, शांतता आहे, काम उरकून घेऊ. सगळे स्टॅक एका दिवसात घेतले. परत आल्यावर आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि एकच विचारलं, "लोड कुठला होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा जावं लागलं.

त्यांचा तो प्रश्न मी आजही प्रत्येक नव्या मुलाला विचारतो. इंजिनाचा आकडा लोडशिवाय लिहिला तर त्याला काहीच अर्थ नसतो. रिकाम्या इंजिनात ज्वलन थंड असतं, म्हणून नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) कमी दिसतं आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) व न जळलेलं डीझेल जास्त. पूर्ण लोडवर याच्या उलट. म्हणजे रिकाम्या इंजिनावर नॉक्सचा रिपोर्ट पास झाला तर त्याने काही सिद्ध होत नाही, आणि सीओचा नापास झाला तर त्या इंजिनावर अन्यायही होऊ शकतो.

कारखान्यात जनरेटरच्या इंजिनाची चाचणी होते तेव्हा १००, ७५, ५०, २५ आणि १० टक्के अशा पाच लोडवर मोजतात आणि प्रत्येकाला ठरावीक वजन देतात. ५० आणि २५ ला सगळ्यात जास्त, प्रत्येकी ३० टक्के. पूर्ण लोडला फक्त ५ टक्के. रिगवर ही चैन नाही. ड्रिलर तुमच्यासाठी लोड लावून देणार नाही. म्हणून कामाची लय ओळखून त्यात शिरावं लागतं.

ड्रिलिंग चालू असताना मड पंप सलग चालतात आणि लोड स्थिर असतो. मोजायची वेळ हीच. पाईप जोडायला थांबतात तेव्हा पंप बंद होतात, काही मिनिटं लोड कोसळतो. ट्रिप चालू असेल, म्हणजे अख्खी पाईपमाळ वर काढत असतील, तर ड्रॉवर्क्स झटक्याझटक्याने ओढतं आणि लोड वरखाली नाचतो. त्यात धुळीचं सॅम्पल घ्यायच्या भानगडीत पडू नका. गॅसचं सलग रेकॉर्डिंग मात्र जरूर घ्या, त्या नाचाचंही माप हवंच असतं.

ड्रिलरला विचारा, "दादा, ताशी किती मीटर जातंय?" केली (पाईप फिरवणारी दांडी) लावलेल्या रिगवर एक पाईप साधारण ९ मीटरचा. ताशी ६ मीटर जात असेल तर एका पाईपला दीड तास लागतो, म्हणजे तासाभराचं सॅम्पल मधे आरामात बसतं. वरच्या मऊ थरात ताशी ३० मीटर जात असेल तर दर १८ मिनिटांनी जोडणी. मग जोडणी आली की आपला सॅम्पलिंग पंप बंद करा, प्रोब (धुराड्यात घातलेली नळी) बाहेर काढा, घड्याळ थांबवा, वहीत वेळ टिपा, आणि लोड परत वर आला की पुढे सुरू करा. टॉप ड्राइव्ह असेल तर तीन-तीन पाईपची जोडी एकदम लागते, तेव्हा मोकळा वेळ जास्त मिळतो.

इलेक्ट्रिशियनला विनंती करा की तुम्ही वर असताना दर पाच मिनिटांनी त्या इंजिनाचे किलोवॅट लिहून ठेवावेत. दोन माणसं असाल तर तुमच्यातला एक तिथेच बसवा. आणि पॅनेलवर बघा, चार इंजिनं २०-२५ टक्क्यांवर चालवत आहेत का? तसं असेल तर रिपोर्टच्या शेऱ्यात ते नक्की लिहा. तेवढंच काम दोन इंजिनांनी चांगल्या लोडवर केलं तर काजळीही कमी आणि डीझेलही कमी. सुरक्षेसाठी एखादं इंजिन तयार ठेवावं लागतं हे खरं, पण चारही इंजिनं सतत रिकामी गुरगुरत ठेवायची गरज क्वचित असते. हे सांगणं आपलं काम आहे असं मी मानतो.

पोर्ट आणि बिंदू

बॉयलरच्या चिमणीला शिडी, मचाण, पोर्ट (प्रोब आत घालायचं भोक) सगळं असतं. रिगच्या इंजिनाला असतो फक्त सायलेन्सर आणि त्यावर फूटभर व्यासाचा आखूड पाईप. नियम असा की पोर्टच्या आधी वळण किंवा सायलेन्सरपासून आठ व्यास सरळ पाईप हवा आणि पोर्टनंतर तोंडापर्यंत दोन व्यास. पाईप ३० सेंटिमीटरचा असेल तर २४० अधिक ६०, म्हणजे तीन मीटर सरळ पाईप. इतका जवळजवळ कधीच मिळत नाही. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी साइटवर चित्र पाठवा: इतक्या लांबीचा जोडपाईप, इथे पोर्ट, असा फ्लँज. रिगवर वेल्डर असतो, तो करून देतो. पण ऐनवेळी सांगितलं तर हॉट वर्क परमिट (वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाचा परवाना) मिळेपर्यंत तुमची परतीची गाडी निघून जाते.

अंतर कमी पडलंच तर मोजायचे बिंदू वाढवा आणि मिळालेलं अंतर रिपोर्टमध्ये लिहा, लपवू नका. भोवरा आहे का तेही बघा. एस टाइप पिटो (वायूचा वेग मोजायची दोन तोंडांची नळी) नव्वद अंशांत फिरवा, म्हणजे तोंडं प्रवाहाला आडवी येतील. तरीही मॅनोमीटर (दाबाचा फरक दाखवणारं यंत्र) बरंच काही दाखवत असेल तर वायू गरगरत येतोय, आणि त्या जागेचं वेगाचं माप विश्वासाचं नाही.

आपल्या देशात या कामासाठी आयएस ११२५५ ही भारतीय मानकांची मालिका वापरतात. भाग १ धुळीसाठी, भाग २ सल्फर डायऑक्साइड, भाग ३ प्रवाहासाठी, भाग ७ नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी. निघण्याआधी किमान भाग १ आणि ३ सावकाश वाचा. इंग्रजी जड वाटलं तर दोघांनी मिळून वाचा, मराठीत एकमेकांना समजावून सांगा. मी तसंच शिकलो.

वेग, आणि बेळगावची पातळ हवा

पिटोतून दाबाचा फरक मिळतो, त्यावरून वेग काढायचा. सूत्र साधं: दाबाच्या फरकाची दुप्पट भागिले वायूची घनता, त्याचं वर्गमूळ, गुणिले पिटोचा गुणांक. एस टाइपचा गुणांक साधारण ०.८४, पण तुमच्या पिटोच्या प्रमाणपत्रावरचाच घ्या.

उदाहरण करून बघा. मॅनोमीटर २० मिलिमीटर पाणी दाखवतो, म्हणजे १९६ पास्कल. वायू ४०० अंश सेल्सिअस, समुद्रसपाटीजवळची साइट. त्या तापमानाला घनता सुमारे ०.५२ किलो प्रति घनमीटर. वेग येतो सेकंदाला २३ मीटरच्या आसपास. ३० सेंटिमीटर पाईपचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.६३ घनमीटर गरम वायू. तो २५ अंशांवर आणला, आठ टक्के बाष्प वजा केलं, की ताशी साधारण २,४०० नॉर्मल घनमीटर कोरडा वायू उरतो. नॉक्स दर घनमीटरला १,५०० मिलिग्रॅम असेल तर तासाला साडेतीन किलोहून थोडं जास्त बाहेर पडतंय. हे गणित एकदा हाताने करा. एक्सेलवर थेट उडी मारली तर चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही.

आता सीमाभागातल्यांसाठी खास गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ७६० नव्हे, ६९५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. उद्यमबागेत सराव करताना ७६० धरलात तर ओढलेल्या वायूचं घनफळ आठ-नऊ टक्क्यांनी जास्त लिहिलं जातं आणि धूळ तेवढीच कमी दिसते. उलट इथल्या शीटमध्ये ६९५ कायमचं भरून ठेवलं आणि तीच शीट मेहसाण्याला नेली तर चूक दुसऱ्या बाजूला. बॅरोमीटर बॅगेत ठेवा, रोज सकाळी वाचा. हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचा दाब बहुधा समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो, तो तसाच उचलू नका.

गॅस अ‍ॅनलायझर

यंत्र सुरू केलं की ते झिरो घेतं, म्हणजे भोवतालची हवा स्वच्छ आहे असं धरून चालतं. इंजिनाशेजारी उभं राहून झिरो घेतलं तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा. वारा जिकडून येतोय तिकडे लांब जा, मग सुरू करा. त्यानंतर प्रमाणित सिलिंडरमधला गॅस देऊन स्पॅन तपासा, म्हणजे यंत्र सिलिंडरवरचाच आकडा दाखवतंय का ते बघा. हेच काम संपल्यावर पुन्हा करा. आधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही रिपोर्टला जोडा. बरेच जण नंतरचा तपास टाळतात कारण दमलेले असतात. पण सेल (यंत्रातला वायू ओळखणारा सेन्सर) दिवसभरात सरकला असेल तर ते त्या शेवटच्या पाच मिनिटांतच कळतं.

एक्झॉस्ट गरम आणि ओलसर असतो. नळीत पाणी साचलं तर नायट्रोजन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड त्यातच विरघळतात, सेलपर्यंत पोचतच नाहीत. गरम नळी किंवा नीट चालणारा कूलर हवा, आणि पाण्याचा सापळा दर थोड्या वेळाने रिकामा करायला हवा. धुळीचा फिल्टर काळा पडला की बदला. सीओ सेलच्या मर्यादेबाहेर गेला तर प्रोब लगेच काढून यंत्राला ताजी हवा प्यायला द्या, नाहीतर सेल बराच वेळ गुंगीत राहतो.

पीपीएमवरून मिलिग्रॅमवर येताना २५ अंश आणि ७६० मिलिमीटर हा आधार घ्या. सीओचा एक पीपीएम म्हणजे सुमारे १.१५ मिलिग्रॅम, नॉक्स नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून मोजलं तर १.८८. काही परदेशी यंत्रं शून्य अंशाचा आधार धरतात आणि सीओचा १.२५ ने गुणाकार करून पडद्यावर दाखवतात. म्हणून यंत्रातून फक्त पीपीएम उचला, बाकी स्वतः करा.

आणि आता ऑक्सिजन, ज्याच्याकडे नवे लोक बघतच नाहीत. ८०० किलोवॅटहून मोठ्या डीझेल इंजिनांसाठी २००२ साली जे निकष अधिसूचित झाले त्यात डीझेलवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुळीची मर्यादा ७५ आणि सीओची १५० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर आहे, तीही १५ टक्के ऑक्सिजनवर. धुरात हवा मिसळून आकडा पातळ करता येऊ नये म्हणून ही अट. मोजलेला आकडा गुणिले सहा, भागिले २१ वजा मोजलेला ऑक्सिजन. समजा सीओ २०० मिलिग्रॅम आला आणि ऑक्सिजन ११ टक्के. २०० गुणिले ६ भागिले १०, म्हणजे १२०. पास. दुसऱ्या इंजिनाचा सीओ फक्त ११०, पण ऑक्सिजन १७. ११० गुणिले ६ भागिले ४, म्हणजे १६५. नापास. साधा आकडा बघून पहिल्या इंजिनाला वाईट आणि दुसऱ्याला चांगलं म्हणणारा माणूस दोन्हीकडे चुकतो.

ऑक्सिजन जास्त आला तर दोनच शक्यता: लोड कमी आहे किंवा तुमच्याकडे गळती आहे. माझा दुसरा रद्द झालेला रिपोर्ट याच गळतीचा. पोर्टचं झाकण सैल होतं, ऑक्सिजन १९ दाखवत होता आणि मी निमूटपणे लिहीत गेलो. चांगल्या लोडवरच्या डीझेल इंजिनाचा ऑक्सिजन साधारण १० ते १२ च्या घरात असतो. त्याहून फार वर गेला तर आधी प्रोबचं टोक बंद करून लीक चेक, मग पोर्टच्या कडेला उष्णता सोसणारी दोरी. एक पडताळणी अशीही आहे: डीझेलमध्ये ऑक्सिजन १०.५ असेल तर कार्बन डायऑक्साइड पावणेआठच्या जवळपास यायला हवा. मात्र तुमच्या यंत्रात त्याचा वेगळा सेन्सर आहे का ते आधी बघा. बऱ्याच हातातल्या यंत्रांत तो आकडा ऑक्सिजनवरूनच काढलेला असतो, त्यामुळे तो नेहमीच जुळतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

धूळ

नोझलमध्ये (प्रोबच्या टोकाच्या तोंडात) वायू ज्या वेगाने शिरतो तो पाईपमधल्या वेगाइतकाच हवा. आपण हळू ओढलं तर बराचसा वायू नोझलला वळसा घालून जातो, पण जड कण सरळ आत घुसतात, धूळ जास्त दिसते. जोरात ओढलं तर उलट. नव्वद ते एकशे दहा टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. लोड बदलला की वेग बदलतो, म्हणून डोळा सतत मॅनोमीटरवर हवा. एक जण वाचणार, दुसरा व्हॉल्व्ह सांभाळणार, ही जोडी आधी गावातच जमवून घ्या.

थिंबल (धूळ अडवणारी गाळणीची टोपी) ग्लास फायबरचा न्या, कागदी थिंबल या उष्णतेला टिकत नाही. जाण्याआधी वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून वजन केलेले, नंबर टाकलेले, प्रत्येकाची वेगळी डबी. एक कोरा थिंबल सोबत नेऊन तसाच परत आणा. प्रवासातच वजन बदललं असेल तर तो सांगतो. सॅम्पल झाल्यावर नोझलच्या आत चिकटलेली काजळीही धुऊन मोजायची. डीझेलची काजळी बारीक आणि चिकट असते, ती नोझलमध्येच बसून राहते.

सल्फरसाठी फार झगडू नका. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डीझेल आहे, त्यात सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम. हजार लिटर डीझेल म्हणजे सुमारे ८३० किलो, त्यात ८.३ ग्रॅम सल्फर, जळून १६.६ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. डीझेलच्या पुरवठ्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. अ‍ॅनलायझरने यापेक्षा फार मोठा आकडा दाखवला तर डीझेल दुसरं आलंय, किंवा तुमच्या सेलवर दुसऱ्या वायूचा परिणाम होतोय.

चिमणीबाहेरचा वायू

मड वर येताना खालचा वायू घेऊन येतो आणि शेकरवर सोडतो. तिथे मिथेनची सांद्रता कळते, पण किलोत किती सुटला ते सांगणं अवघड, कारण प्रवाह मोजायला पाईपच नसतो. रिगवरच्या मड लॉगिंग युनिटकडे वायूची सलग नोंद असते, ती मागा. व्हॉल्व्ह आणि फ्लँजसाठी धोक्याच्या क्षेत्रात चालणारा डिटेक्टर, आणि संशय आला तिथे साबणाचं पाणी. स्वयंपाकाच्या सिलिंडरला घरात लावतो तसंच.

फ्लेअरची मोजणी बहुतेक वेळा गणितानेच होते: वायू किती गेला, त्यातला किती जळला. पूर्वापार ९८ टक्के जळतो असं धरतात. अमेरिकेतल्या टेक्सास आणि नॉर्थ डकोटाच्या तेलक्षेत्रांवर विमानातून मोजलं (तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला) तेव्हा प्रत्यक्षात ९१ टक्क्यांच्या आसपासच मिथेन नष्ट होतो असं दिसलं, कारण काही फ्लेअर विझलेले होते आणि काही नीट जळत नव्हते. म्हणून गणित करण्याआधी ज्योत बघा, दिवसातून तीन-चारदा बघा, आणि विझलेली दिसली तर वेळ लिहून लगेच शिफ्ट इनचार्जला सांगा. आपल्या नियमांत वायू न जाळता तसाच हवेत सोडायला मनाई आहे, उंच फ्लेअर किमान ३० मीटरचा हवा, आणि खड्ड्यात सांडपाणी जाळणं कधीच चालत नाही. आजूबाजूच्या पिकावर परिणाम होत असेल तर जमिनीवरचा फ्लेअर चालतो, पण त्याला किमान पाच मीटर उंच उष्णतारोधक विटांची भिंत लागते. आपण शेतकऱ्याच्या घरातले. फ्लेअरच्या बाजूच्या शेतातला एरंड किंवा कापूस करपलेला दिसला तर तेवढं तरी आपल्या नजरेतून सुटू नये.

कागद

रिपोर्ट सरकारदरबारी चालायचा असेल तर प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असावी लागते, त्यामुळे नमुन्यासोबतच्या प्रत्येक कागदाला महत्त्व आहे. वही जागेवरच भरा, पेनने, खाडाखोड एका रेघेने आणि शेजारी सही. नंतर खोलीवर बसून "साधारण इतका होता" असं भरू नका. आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कागद कन्नडमध्ये, गुजरातेत काही गुजरातीत, रिगवर इंग्रजी आणि हिंदी. त्यात बावरून जायचं कारण नाही. आकडे आणि एकके सगळीकडे तीच.

स्टॅकची उंचीही मोजून या. जनरेटरच्या धुराड्यासाठी सूत्र असं: इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर मिळवायचे. एक हजार केव्हीएला ६.३ मीटर. कॅम्पचा जनरेटर झोपायच्या केबिनच्या खिडकीखाली धूर सोडताना मी पाहिलाय.

उतरताना इंजिन गरम असतं, हातमोजे काढू नका. थिंबलच्या डब्या बॅगेत सर्वात वर, उभ्या. परतीच्या प्रवासात ती बॅग सामानाच्या ढिगात नको, मांडीवर घ्या. आणि निघण्याआधी पॉवर कंट्रोल रूममध्ये परत जा. दर पाच मिनिटांच्या किलोवॅटचा कागद घ्या, प्रत्येक स्टॅकच्या वेळेशी ताडून बघा, आणि त्याच्यावर इलेक्ट्रिशियनची सही आणि तारीख घेऊन मगच गाडीत बसा.